बीजेच्या आत एक फोन

।। श्री ।।

खासगी बाजार, लश्कर, ग्वाल्हेर
वसुबारस, १७ ऑक्टोबर २०२५

ती. दादा,

नमस्कार लिहायचा असतो म्हणून लिहिला. शिरसाष्टांग वगैरे या वेळी नाही. ते मनातून आलं तर पुढे कधीतरी पाठवीन.

इकडे सगळं ठीक. गुडघा दुखतो तो दुखतोच. चकल्या काल झाल्या, चिवडा उद्या करीन. अनारसे तुपात सोडले की हसताहेत, म्हणून या वर्षी तो नाद सोडला. विहंग मजेत आहे, कामाच्या गडबडीत असतो. वहिनींची शुगर आता कशी आहे? त्यांना म्हणावं, फराळाचं दुसऱ्यांना वाढा, स्वतः नुसतं बघा.

तू म्हणशील, तुझं कंपूतलं क्लिनिक ते माझा खासगी बाजार, ई-रिक्षात बसलं की पोचलं, मग पत्र कशाला? फोनवर तू 'सीमा, आधी शांत हो' म्हणतोस, त्या तुझ्या डॉक्टरी आवाजात, आणि मी मूर्खासारखी शांत होते. मग तू बोलतोस. मग तुझा पेशंट येतो आणि फोन बंद होतो. पत्राला शांत हो म्हणता येत नाही. हे मी स्वतः क्लिनिकच्या काउंटरवर ठेवून जाईन, तुझ्या हातात पडेल. दार लावून वाच आणि मधे उठू नकोस.

रविवारचं तुझं व्याख्यान फार छान झालं असं सगळे म्हणताहेत. मी तिसऱ्या रांगेत होते, ते तू पाहिलंसच. 'देह आणि मर्यादा'. विषय भारदस्त, आवाज भारदस्त, शाल भारदस्त. मी जन्मभर मुलींना गणित शिकवलं, त्यामुळे मला एक सवय आहे, कुणी काही सिद्ध करतोय असं म्हणाला की मी पायऱ्या तपासते. देह आपला नाही, तो ठेव म्हणून मिळालाय, निरोगी अवयव कापणं ही शस्त्रक्रिया नव्हे, डिग्री घेतलेला कसाईपणा आहे, आजची मुलं मोबाइलवर बघून स्वतःला काहीच्या काही समजायला लागतात, दहा वर्षांनी पस्तावतील आणि कापलेलं परत शिवता येत नाही. टाळ्या. मग तू चष्मा काढून म्हणालास, 'आणि हे दूर कुठे परदेशात नाही, आपल्याच समाजातल्या घरांतून चाललंय.' नाव घेतलं नाहीस. घ्यायची गरजच नव्हती, सगळा हॉल माझ्याकडे वळून बघत होता.

चहाच्या वेळी महिला मंडळाच्या शालिनीताईंनी माझा हात हातात घेतला. कुणी गेल्यावर घेतात तसा. म्हणाल्या, 'दादांचं मनावर घेऊ नका हो, तुमच्या भल्याचंच सांगतात ते.' मी बिस्किट खाल्लं. काय करणार होते? मग पायऱ्या उतरताना तू माझ्या कानाशी वाकून एक वाक्य बोललास. ते मी इथे लिहिणार नाही. सभ्य पत्रात ते शोभायचं नाही.

विहंगला तू अजून अंतराच म्हणतोस. म्हण. ते नाव ह्यांनी हौसेने ठेवलं होतं, मलाही ते सोडताना जड गेलं, खोटं का बोलू. पण आधार कार्डावर विहंग आहे, ऑफिसात विहंग आहे, खालच्या दुकानातले जयसिंहराव 'विहंगभैया, चाय पीते जाओ' म्हणून हाक मारतात, आणि ते तुझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे आहेत. फौजेतून रिटायर झालेला, मिशीला पीळ देणारा माणूस. त्यांची जीभ वळली, तुझी वळत नाही.

आता तुझ्या सिद्धांताकडे येते. देह ठेव म्हणून मिळालाय ना? मग तुझ्या क्लिनिकच्या पाटीवर काय काय लिहिलंय ते एकदा रस्ता ओलांडून, समोर उभा राहून वाच. नाक सरळ करणं. हनुवटी. पोटाची चरबी. केस लावणं. लग्नाच्या सीझनमध्ये तर तुझ्याकडे नवरदेवांची रांग असते, मीच कितीदा डबा घेऊन आले तेव्हा पाहिलीय. त्या सगळ्यांच्या देहांची ठेव कुठे जाते? तू म्हणशील, ते सौंदर्य वाढवणं, हे नष्ट करणं. कुणाला काय वाढल्यासारखं वाटतं आणि काय नष्ट झाल्यासारखं, हे ठरवायला तुला कुणी बसवलं?

तुझ्या दुर्गाचं नाक आठव. ते आईचं नाक होतं, मधे उंचवटा असलेलं. आजीचं तेच, तुझं-माझं तेच, आरशात बघ. नागपूरच्या कुठल्याशा स्थळाने 'मुलगी छान आहे पण चेहरा जरा राकट वाटतो' असं कळवलं आणि तुझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती त्या लोकांवर जायला हवी होती. गेली पोरीच्या नाकावर. आपल्या रक्ताच्या माणसावर सुरी चालवू नये असं विद्यार्थ्यांना शिकवणारा तू, स्वतःच्या मुलीला स्वतः टेबलावर घेतलंस. दुर्गाने मागितलं नव्हतं रे. ती माझ्याकडे येऊन म्हणाली होती, 'आत्या, बाबांनी विचारलं नाही, तारीख सांगितली.' पट्टी निघाली त्या दिवशी तू पेढे वाटलेस आणि मीही खाल्ला. नागपूरवाल्यांनी नंतरही नकारच कळवला, हे तू कधी कुणाला सांगत नाहीस.

दुर्गाने मागितलं नाही, तिला मिळालं. विहंग बारा वर्षांचा असल्यापासून सांगतोय, त्याला नाही. यातली पायरी मला सापडत नाहीये. तुला सापडली तर कळव.

तू लगेच म्हणशील, सीमा आता इंटरनेटवरचं बोलायला लागली. नाही रे बाबा. मला तर अजून नीट पटलेलंही नाही. तू हॉलमध्ये जे जे प्रश्न विचारलेस ते सगळे मी घरी विचारून झालेत, तुझ्याइतके सुंदर शब्द नव्हते एवढंच. मी त्याला म्हटलं, कपडे घाल हवे ते, केस काप, नाव बदल, कापायला कशाला हवं? म्हटलं, तुला देवाने काही कमी केलंय का? म्हटलं, उद्या पस्तावलास तर? त्यावर तो म्हणाला, 'पस्तावलो तर तुझ्याकडेच येईन ना रडायला. और कहाँ जाऊँगा.' हे तू व्याख्यानात घालू शकतोस, परवानगी आहे.

पण तुला मे महिना माहीत आहे. इथेच माझं डोकं फिरतं. समाजातल्या कुणाला माहीत नाही, शालिनीताईंना माहीत नाही, पण तू डोळ्यांनी पाहिलंयस. भिंड रोडला रस्त्याच्या सर्व्हेचं काम चालू होतं. लू चालली होती, घराबाहेर पाय ठेववत नव्हता, आणि हा पोरगा छाती आवळून बांधून, वर शर्ट, वर ते पिवळं जाकीट घालून दिवसभर उन्हात दुर्बिणीला डोळा लावून उभा. तिथेच कोसळला. त्याच्या ऑफिसातल्या मोहितने जीपमध्ये घालून घरी आणला. मला त्याची ती बंडी निघेना, इतकी घट्ट. मी शिलाई मशीनची कात्री आणली आणि खालून वर कापत नेली. काखेखालची कातडी सोलून निघाली होती, घामोळं चिघळलं होतं, बरगडीवर काळानिळा पट्टा. मी तुला फोन केला आणि तू हातातला पेशंट टाकून आलास. ते मी विसरलेली नाही. बरगडीला तुझं बोट लागलं तेव्हा तो कळवळला आणि तुझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेही मी पाहिलं. मलम तू स्वतः लावलंस.

मग तू त्याला म्हणालास, हे बांधणं आजपासून बंद.

तो म्हणाला, 'बंदच करायचंय मामा. आप कर दो ना.'

आणि तू हात धुवायला गेलास. बेसिनचा नळ कितीतरी वेळ वाहत होता. त्यानंतर त्याने तुला पुन्हा कधी विचारलं नाही. मला वाटलं होतं, तू हात धुतलेस ते धुतलेस, निदान आडवा तरी येणार नाहीस.

आता सौरवचं. विहंगला दिल्लीला जायचं होतं, तिथला कुणी डॉक्टर त्याने शोधला होता. मीच अडून बसले. म्हटलं, अनोळखी माणसाच्या हातात मी माझं पोर देणार नाही, आपल्या ओळखीचा डॉक्टर हवा, आपल्या माणसांतला. आपल्याकडे दुसरी अक्कलच नाही, नाही का? दाढ काढायची तर ओळखीचा, गाडी घ्यायची तर ओळखीचा, आणि ओळखीचा म्हणजे शेवटी तुझ्या ओळखीचा. इंदूरचा सौरव तुझा विद्यार्थी, दोन वर्षं तुझ्या घरी जेवलेला, मला मावशी म्हणणारा. पोराने माझं ऐकलं. मानसोपचारवाल्यांच्या सगळ्या तपासण्या झाल्या, कागद झाले, डिसेंबरची तारीख मिळाली. थंडीत जखम भरेल, उन्हाळ्याच्या आत तो मोकळा होईल, असा सगळा हिशेब त्याने लावला होता.

कोजागिरीच्या दोन दिवस आधी सौरवने त्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. विहंगने मला आल्या आल्या सांगितलं, बूट पण काढले नव्हते. 'मामांनी फोन केला होता. सर ने मना किया है, असं म्हणाले. बस.' तुमच्या लोकांतली ही गुरूची रीत मला ठाऊक आहे. सरांनी नको म्हटलेल्या पेशंटला चेला हात लावत नाही, मग तो चेला पन्नाशीचा का होईना. सव्वीस वर्षांच्या माणसाला कायद्याने मामाची परवानगी लागत नाही, पण सौरवला लागते. आणि हे तुला पक्कं माहीत होतं. तू कोर्टात गेला नाहीस, भांडला नाहीस, विहंगसमोर बसून बोलला नाहीस. एक फोन केलास. काय सांगितलंस तेही सौरवने त्याच फोनवर विहंगला सांगितलं. पोरीचं डोकं ठिकाणावर नाही, घरच्यांची संमती नाही, आई रडते.

आई रडते हे तू कुणाला विचारून सांगितलंस? गौरीच्या जेवणानंतर मी तुझ्या स्वयंपाकघरात पदर डोळ्यांना लावला तो भाऊ म्हणून तुझ्यासमोर लावला. ते तू उचलून इंदूरला पाठवलंस. माझं रडणं ही काय तुझ्या फाइलला जोडायची रिपोर्ट आहे का?

इथपर्यंत लिहून मी उठले, चिवड्याचे पोहे उन्हात घालून आले. वाटलं होतं, इथे सही करावी आणि पाकीट बंद करावं. पण वर 'विहंग मजेत आहे' असं मी लिहिलंय ना, ते खोटं आहे. तो घरी नाहीये. बिर्ला नगरला मोहितच्या खोलीवर राहतोय, कोजागिरीच्या आधीपासून. वहिनींना सांगू नकोस.

आणि तो तुझ्यामुळे गेलेला नाही.

त्या दिवशी त्याने सांगितलं, सरांनी मना केलंय, तारीख गेली. मी त्याला म्हटलं, अरे देवा, असं कसं केलं दादाने. पाणी दिलं. त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग स्वयंपाकघरात गेले आणि पुऱ्या लाटायला घेतल्या. साधी पोळी करायची होती, मी पुऱ्या घेतल्या. श्रीखंड आहे का फ्रिजमध्ये ते बघितलं. कढईत तूप कडकडलं, पहिली पुरी टम्म फुगली, आणि दारात विहंग उभा होता. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक.

तो म्हणाला, 'आई, तू गुणगुणतेयस.'

मी म्हटलं, कुठे काय, सवय आहे. पण दादा, मी खरंच गुणगुणत होते. कितीतरी महिन्यांनी जीव हलका झाला होता. मला वाटलं होतं, सुटले. पोराचा जीव पोळलेला, आणि आई आत तळण तळतेय, गाणं म्हणतेय. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, 'मामा झूठ नहीं बोल रहे थे.' आणि बॅग भरली. पुरीला हातही लावला नाही.

आता तुझं ते पायरीवरचं वाक्य लिहिते. तू म्हणालास, 'सीमा, तुला जे तोंडाने म्हणवत नव्हतं, ते मी केलं. उगाच माझ्यावर चिडू नकोस.'

म्हणून मी इतकी चिडले आहे, कळलं? तू चूक बोलला असतास तर मी चार दिवस धुसफुसले असते आणि पाडव्याला फराळाचा डबा घेऊन आले असते. तू बरोबर बोललास. माझ्या मनातली सगळ्यात वाईट गोष्ट तू ओळखलीस, आणि ती माझ्या पदरात घालून वर मला उपकार म्हणून मोजलीस. मला ऑपरेशन नको होतं. आजही नको आहे. पण माझं नको मी त्याच्या तोंडावर सांगायला हवं होतं, त्याच्याशी भांडून, रडून, हरून. ते माझं आणि त्याचं होतं. तू ते चोरून परस्पर वापरलंस आणि माझं पोर घराबाहेर गेलं.

परवा मी बिर्ला नगरला गेले होते, डबा घेऊन. मिलच्या जुन्या लाइनीत वरची खोली आहे. दोन खाटा, एक कूलर, दोरीवर कपडे. मोहित शहाणा मुलगा, मला पाहिलं आणि 'आंटी, मैं समोसे लेके आता हूँ' म्हणून जो गेला तो परत आलाच नाही. विहंग वाळलाय. मी त्याच्यासमोर खाटेवर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ सांगितलं. म्हटलं, मला हे नको आहे. मला भुलीची भीती वाटते, टाक्यांची वाटते, तू उठलास की माझ्याकडे कसा बघशील त्याची वाटते. तुला अंगावर पाजलंय मी, आणि तू तेच नको म्हणतोस, हे मला रागासारखं लागतं, मी काय करू?

त्याने दोरीवरचा एक शर्ट काढून घडी घातली. मग म्हणाला, 'मला माहीतच आहे आई, तुला नकोय. लपवत होतीस तेव्हा पण दिसायचं. मुझे भी डर लगता है. पण मला मे महिन्याची जास्त भीती वाटते.'

मी म्हटलं, मग मी काय करू ते तरी सांग.

'हो म्हणू नकोस. फक्त बरोबर ये.'

मी येईन म्हटलं. मग म्हटलं, दिवाळीला घरी चल. म्हणाला, बघू. डबा ठेवून घेतला, तेवढं एक झालं.

तर मी जाणार आहे, दादा. मला पटलेलं नाही आणि मी जाणार आहे. बाहेर बाकावर बसून जीव टांगणीला लावून घेणार आहे, आणि तो शुद्धीवर आला की त्याने सगळ्यात आधी मला बघावं अशी माझी इच्छा आहे. यात मर्यादा कुठे मोडते ते तू पुढच्या व्याख्यानात सांग. मी ऐकायला येणार नाही.

सौरवला मी फोन केला होता. विहंगसमोर, स्पीकरवर. म्हटलं, मी आई आहे, आई म्हणून सांगते, माझी हरकत नाही. तो बिचारा म्हणाला, 'मावशी, तुमचं सगळं खरं, पण सरांचा एक फोन आला तर… मी दिवाळीपर्यंत ती तारीख कुणाला देत नाही.' म्हणजे माझं आईपण इंदूरला चालत नाही. तुझा आवाज चालतो. दिल्लीवाल्या डॉक्टरकडे आता एप्रिलच्या आत जागा नाही. एप्रिलमध्ये टाके आणि मेमध्ये पुन्हा उन्हात उभं राहायचं, की आणखी एक उन्हाळा तसाच बांधून काढायचा? तू डॉक्टर आहेस, तूच सांग.

एक जुनी गोष्ट लिहिते, आणि तुला मऊ करायला लिहीत नाही. हे गेले त्या वर्षी भाऊबीजेला मी तुझ्याकडे येऊन कोपऱ्यात बसले होते. याच शालिनीताई आल्या होत्या फराळाला. हळूच वहिनींना म्हणाल्या, या वर्षी सीमाने ताट घेऊ नये, बरं दिसत नाही. वहिनींनी ताट खाली ठेवलं. तू पाटावरून उठलास, ताट उचललंस, माझ्या हातात दिलंस, आणि शालिनीताईंना म्हणालास, 'कुंकू माझ्या बहिणीच्या हातचं लागेल, नाहीतर लागणार नाही.' पुन्हा पाटावर जाऊन बसलास. समाजात महिनाभर चर्चा होती. त्या दिवशी तुला कुणाची मर्यादा आठवली नव्हती. त्या एका दिवसावर मी इतकी वर्षं जगले आहे, म्हणून तुझं मला इतकं लागतं. परक्याचं लागलं नसतं.

आणि गेल्या वर्षीची भाऊबीज. दुर्गाला सख्खा भाऊ नाही. तिने कुणाला न विचारता दुसरा पाट मांडला आणि म्हणाली, 'विहंग, बस.' तो भांबावला. बसला. तिने टिळा लावला, ओवाळलं. ओवाळणीला त्याच्याकडे काही नव्हतं, त्याने मनगटावरचं घड्याळ काढून ताटात ठेवलं. तू उठून आत गेलास, जेवण झाकून ठेवायला सांगितलंस. पण तू तिला थांबवलं नाहीस. तुला वाटलं असतं तर तू थांबवू शकला असतास. म्हणून मी हे पत्र लिहिते आहे, नाहीतर शाई वाया घालवली नसती.

माझं म्हणणं एवढंच. तुझं मत तुझ्यापाशी ठेव. शाल पांघरून आणखी दहा व्याख्यानं दे. विहंगला अंतरा म्हण, त्याच्याशी बोलू नकोस, इंदूरला येऊ नकोस, विचारपूसही करू नकोस. फक्त सौरवला फोन कर. त्याला सांग, सरांचा यात काही संबंध नाही, सरांचं मत विचारात घ्यायचं नाही. 'माझी संमती आहे' असं म्हणायची गरज नाही, तुझ्याकडे ती मागितलेलीच नाही. जो फोन करायचा नव्हता तो केलास, तो परत घे. एवढंच. आणि आई रडते म्हणाला होतास ना, तर हेही सांग की ती अजूनही रडते आणि तरी येते आहे.

भाऊबीज गुरुवारी आहे. त्या दिवशी संध्याकाळच्या आत सौरवचा विहंगला फोन आला, तर मी नेहमीसारखी तुझ्या दारात असेन. तुला ओवाळीन, टिळा लावीन, आणि तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही. ते पुढे कधीतरी होईल.

नाही आला, तर माझी वाट पाहू नकोस. वहिनींना सांग, पाट मांडू नका. ज्या बाईला भाऊ नसतो ती बीजेला चंद्राला ओवाळते. आमच्या गच्चीवरून पश्चिम मोकळी आहे, कोर नीट दिसते.

तोवर तुझी बहीण,
सीमंतिनी